पुस्तक कुणी नेलं, ते मी सांगत नाही

ग्रंथपालाला मतं नसावीत, असं आमच्या गावात धरून चालतात. पुस्तक द्यावं, परत घ्यावं, उशीर झाला तर दंडाची पावती फाडावी आणि गप्प राहावं. ग्रंथपाल मुसलमान असेल तर जरा जास्त गप्प राहावं. मला मात्र मतं आहेत. चोवीस वर्षं पुस्तकांत बसूनही ती नसती, तर माझंच काहीतरी बिघडलंय असं समजायला हवं होतं.

आमचं वाचनालय सोलापूरच्या बाजूला, एका तालुक्याच्या गावात आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो वाचनालयं महाराष्ट्रात आहेत, त्यांतलंच एक. सरकारी अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि दुसरा हप्ता बहुतेकदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धापा टाकत पोचतो. त्यातून पुस्तकं, पेपर, वीजबिल आणि आम्हा तिघांचं मानधन. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. त्यात मान किती आणि धन किती, हे या क्षेत्रातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. घरी आम्ही दखनी बोलतो, मी शिकले मराठीत, नमाज अरबीत आणि जिल्ह्याला पाठवायचे अहवाल शासकीय मराठीत. ही चौथी भाषा सगळ्यांत अवघड.

माझ्या कामातलं राजकारण सकाळी आठला पेपरच्या टेबलावर सुरू होतं. लांब लाकडी टेबल, दोन्ही बाजूंना बाकं. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, दोन-तीन गुरुजी, कांद्याचा भाव बघायला येणारे शेतकरी, आमच्या मोहल्ल्यातले एक शिंपीचाचा. मी नोकरीला लागले तेव्हा हे टेबल इतकं गाजायचं की मला घंटी वाजवावी लागायची. काँग्रेसवाला, शेकापवाला, शिवसैनिक, सगळे एकमेकांच्या नेत्यांचा उद्धार करायचे आणि नऊ वाजता समोरच्या टपरीवर एकमेकांचा चहा प्यायचे. शिंपीचाचा तर पवारांच्या बाजूने असे भांडायचे की जणू साहेब त्यांच्याकडेच कपडे शिवायला टाकतात.

आता टेबल शांत असतं. लोक कमी झालेले नाहीत. पण पेपरात येणारी बातमी प्रत्येकाने आधीच मोबाइलवर पाहिलेली असते आणि तिच्याबद्दल काय वाटून घ्यायचं तेही तिथेच ठरलेलं असतं. एखाद्या दिवशी विषय निघतो. कुठली तरी मशीद, कुठलं तरी नाव बदललेलं शहर, कुठला तरी मोर्चा. मग शिंपीचाचा पेपरची नीट चौपदरी घडी घालतात, "दुकान उघडायचंय" म्हणतात आणि जातात. त्यांना कुणी जा म्हणालेलं नसतं. टेबलावरचे लोक वाईट नाहीत, त्यांतल्या एका गुरुजींनी चाचांच्या नातवाची फी भरलेली मला माहीत आहे. पण चाचांना उठायची वेळ बरोबर कळते.

अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की लोकांना न्यायालय, वटहुकूम, मोठे लेखक आठवतात. मला ती पेपरची घडी आठवते. घटनेच्या १९(१)(क) मध्ये तिच्यासाठी काही तरतूद नाही.

घरांमध्येही असंच आहे. हिंदू मैत्रिणी मुलाला "अभ्यास कर" म्हणून ओरडतात, आम्ही त्याच्या जोडीला "स्टेटस ठेवू नको" म्हणून ओरडतो. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीने बंदबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या फक्त आवडल्याचं कळवलं होतं. पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ६६ अ कलमच रद्द केलं. पण आमच्या घरांत निकाल लक्षात राहिला नाही, अटक लक्षात राहिली. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून दगडफेक झाली, तेव्हा माझ्या बहिणीने तिच्या सोळा वर्षांच्या मुलाचा मोबाइल काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यात लपवला. औरंगजेबाचं स्टेटस ठेवणं मला मूर्खपणाचं वाटतं. तो बादशहा माझा कुणी लागत नाही आणि त्याच्या नावाने छाती फुगवणाऱ्या पोरांना मी वाचनालयातही दोन शब्द सुनावते. पण मूर्खपणाची शिक्षा अख्ख्या गल्लीला, हा हिशेब मला जुळवता येत नाही.

आता माझ्या कामाकडे येते.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने वाङ्मय पुरस्कार जाहीर केले. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला त्यात पुरस्कार होता. आठवडाभरात तो शासन निर्णय काढून रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. निषेध म्हणून काही लेखकांनी सरकारी मंडळांचे राजीनामे दिले. हे सगळं पेपरात आलं. त्याआधी ते पुस्तक आमच्याकडून दोनदा बाहेर गेलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत त्यासाठी अकरा जणांनी नावं नोंदवली. सरकारने वाचनालयाची एवढी मोफत जाहिरात याआधी कधी केली नव्हती.

फेब्रुवारीत एका दुपारी एक तरुण आला. ओळखीचा, आमच्या बालविभागात मोठा झालेला. आता एका संघटनेचं काम करतो. गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हणाला, "मॅडम, ते नक्षलवादी पुस्तक कोण कोण नेतंय, बघायला मिळेल का? रजिस्टरचा फोटो काढतो फक्त."

"कशाला रे?"

"असंच. माहिती असलेली बरी."

मी म्हटलं, "तू आठवीत असताना काय काय वाचायला नेतोस, ते तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं. त्यांनाही मी सांगितलं नव्हतं."

तो हसला आणि गेला. त्याला त्या वयात काय वाचायचा ते आठवलं असावं. दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला, आवाज वयस्कर, भाषा अतिशय अदबीची. यादी सार्वजनिक संस्थेची आहे, म्हणजे जनतेची आहे, तर ती दाखवायला हरकत काय? मी म्हटलं, पुस्तकं जनतेची आहेत, वाचन ज्याचं त्याचं. त्यांनी माझं आडनाव विचारलं. त्यांना ते माहीत होतं. तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

एवढ्या साध्या गोष्टीला मी एवढं का धरून बसले, असं आमच्या शिपायाने विचारलं. त्याला मी भांडारकरची गोष्ट सांगितली. ५ जानेवारी २००४. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला, कपाटं पाडली, पोथ्या-पुस्तकं फेकली, फाडली. कारण काय? जेम्स लेन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात बदनामीकारक मजकूर लिहिला होता. तो वाईट होता, प्रश्नच नाही. प्रकाशकाने ते पुस्तक भारतातून मागेही घेतलं होतं. पण ते पुस्तक भांडारकरने लिहिलेलं नव्हतं, छापलेलं नव्हतं. लेनने प्रस्तावनेत या संस्थेचे आणि तिथल्या काही अभ्यासकांचे आभार मानले होते, एवढंच. त्या आधीच एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळं फासलं गेलं होतं, तेही आभाराच्या यादीत नाव होतं म्हणून. म्हणजे कुणी लिहिलं यापेक्षा कुणी कुणाला पुस्तक काढून दिलं, कोण कुठे बसून वाचत होतं, यावरून एक ग्रंथालय मोडलं गेलं. पुढे राज्य सरकारची त्या पुस्तकावरची बंदी उच्च न्यायालयाने २००७ मध्ये उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम केला. फाटलेल्या पोथ्यांचं अपील कुठे करायचं, ते कुठल्या निकालात नाही.

आमच्या शिपायाने ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून देवघेवीचं रजिस्टर तो दुपारी कुलपात ठेवू लागला. मी सांगितलं नव्हतं.

इथवर वाचून माझे मोहल्ल्यातले वाचक खूश झाले असतील. थोडं थांबा.

त्याच वर्षी रमजानच्या आधी आमच्यातले तीन बुजुर्ग आले. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. दलवाईंची पुस्तकं वाचनालयात आहेत का, असं विचारलं. आहेत, म्हटलं. "बेटा, तू आपली. घरच्या माणसाने घराची बेअब्रू चव्हाट्यावर मांडायची नसते. फेकून दे म्हणत नाही आम्ही. मागच्या कपाटात ठेव."

हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९६६ मध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा त्यांनी मुंबईत नेला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि १९७७ मध्ये, पंचेचाळिशीही पुरी न करता, गेले. त्यांचं सगळं मला पटतं असं नाही. धर्माकडे ते ज्या अंतरावरून बघतात, त्या अंतरावर मी उभी नाही, माझी पाच वक्तची नमाज चालू आहे. पण माझ्या चुलत बहिणीला एका कागदावर तीन शब्द लिहून माहेरी पाठवलं होतं, तेव्हा या तिघांपैकी एकाच्याही खुर्चीखालून पाण्याचा पेला हललेला नव्हता. हे मी त्यांना म्हणाले नाही. म्हणाले ते एवढंच, की परवा एक मुलगा आला होता आणि त्यालाही एक पुस्तक मागे ठेवलेलं हवं होतं. त्याचं ऐकलं असतं तर तुमचंही ऐकलं असतं. मोठे चाचा जरा विचारात पडले. मग म्हणाले, "त्याचं नाही ऐकलंस ते ठीक केलंस." आपल्या मागणीवर काही बोलले नाहीत. पुस्तकं जागेवर आहेत.

भावना दुखावण्याच्या कायद्याबद्दल आपल्या लोकांनी एक जुनी हकिकत माहीत करून घ्यावी असं मला नेहमी वाटतं. १९२४ मध्ये लाहोरला पैगंबरांची (स.) टवाळी करणारी एक पुस्तिका निघाली. प्रकाशकावर खटला झाला. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, कारण तेव्हाच्या कलमात हा गुन्हा बसत नव्हता. मुसलमान रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी दंडविधानात २९५ अ हे कलम घातलं गेलं. (१९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झाला, तो भाग वेगळा आणि अधिक दुःखाचा.) कायदे मंडळात या कलमावर चर्चा चालू असताना, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यात भरडले जाऊ नयेत, असा इशारा खुद्द जीनांनी दिला होता.

सहाच वर्षांनी काय झालं? लखनौला 'अंगारे' नावाचा उर्दू कथांचा एक लहानसा संग्रह निघाला होता. लेखक चार : सज्जाद जहीर, अहमद अली, डॉ. रशीद जहाँ आणि महमूदुज्जफर. चौघेही मुसलमान, चौघेही तरुण. रशीद जहाँ तर डॉक्टर होत्या, बुरख्याआडच्या बायकांची दुखणी त्यांनी दवाखान्यात पाहिली होती आणि तीच लिहिली. ओरड झाली, आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने त्याच २९५ अ खाली पुस्तक जप्त केलं, प्रती जाळल्या. म्हणजे आपण परक्याचं तोंड बंद करायला मागितलेलं कुलूप सहा वर्षांत आपल्याच पोरांच्या तोंडाला लागलं. त्यानंतर ते कुणाकुणाला लागलं, ते मोजायला मोठी वही लागेल. आता १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, कलमाचा आकडा २९९ झाला. कुलूप तेच.

'अंगारे' वाचलं कसं, तेही सांगते, कारण माझ्या धंद्याचा त्यात थोडा अभिमान आहे. जप्त केलेल्या काही प्रती सरकारने रेकॉर्ड म्हणून स्वतःच्याच कपाटांत ठेवल्या होत्या, काही लंडनला गेल्या होत्या. साठेक वर्षांनी तिथून ते पुन्हा छापलं गेलं. ज्याने जाळलं, त्याच्याच कुठल्या तरी कारकुनाने दाखल क्रमांक टाकून ते जपलं. त्या अनोळखी कारकुनाला माझा सलाम.

रश्दीच्या कादंबरीबद्दल मला हमखास विचारतात. मी ती वाचलेली नाही, वाचायची इच्छा नाही, आणि तिच्यात काय आहे हे ऐकूनच मला दुखतं. दुखतं हे मी लपवत नाही. पण मला दुखलं म्हणून शेजाऱ्याने वाचू नये, ही पुढची पायरी मला चढता येत नाही. ऑक्टोबर १९८८ मध्ये तिच्या आयातीवर बंदी आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात असं निघालं, की बंदीची ती अधिसूचनाच कुणाला सापडत नाही. सीमाशुल्क खात्याला नाही, सरकारला नाही. न्यायालय म्हणालं, मग ती अस्तित्वात नाही असंच आम्हाला धरावं लागेल. छत्तीस वर्षं एक देश एका कागदाला मान देत होता आणि तो कागद दाखवायला कुणाकडेच नव्हता. आम्हा ग्रंथपालांच्या भाषेत, नोंद आहे, प्रत गहाळ.

या गहाळ कागदाचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला. या दोन्ही मागण्यांची कुणकुण आमच्या कार्यकारी मंडळाला लागली आणि सभेत विषय आला. मंडळी सगळी भली आहेत, कुणी वकील, कुणी व्यापारी. सूचना अशी आली, की काही 'वादग्रस्त' पुस्तकं वेगळ्या कपाटात ठेवावीत, किल्ली ग्रंथपालाकडे. बंदी नाही, मागितलं तर द्यायचं. ऐकायला किती गोड. पण आमच्याकडे वाचक कपाटापाशी जाऊन स्वतः पुस्तक काढतो, ही सोय मिळवायला पूर्वीच्या ग्रंथपालांना दहा वर्षं लागली होती. नववीतली मुलगी किल्लीवाल्या बाईसमोर येऊन "मला ते वादग्रस्त कपाटातलं हवंय" असं म्हणणार आहे का? रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले, त्यांतला पहिलाच हा, की पुस्तकं वापरायसाठी असतात. कुलपातलं पुस्तक शाबूत राहतं, एवढंच.

मी भाषण केलं नाही. म्हटलं, "चालेल. कुठली पुस्तकं, त्यांची यादी, कारण, आणि सूचक-अनुमोदकांची नावं घालून ठराव लेखी द्या. तपासणीला अधिकारी आले की मला दाखवावा लागेल." सभेत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. वकीलसाहेब म्हणाले, लेखी कशाला, आपसातली गोष्ट आहे. मी म्हटलं, मग आपसातच राहू दे. विषय पुढच्या सभेवर ढकलला, तो अजून तिथेच आहे. माझा अनुभव असा, की आपल्या गावांत पुस्तकं बंद होतात ती तोंडी. लेखी मागितलं की निम्मे लोक घरी जातात.

हेच जर माझ्या जागी देशपांडे किंवा पाटील मॅडम म्हणाल्या असत्या, तर 'तत्त्वाच्या पक्क्या' ठरल्या असत्या. मी म्हटलं तर 'हिचा काय डाव आहे' असं कुणाच्या तरी मनात येऊन गेलं, हे मला त्या पंख्याखाली दिसत होतं. त्याची सवय झाली आहे, असं म्हणणार नाही. सवय होत नाही.

आता अवघड भाग. आमच्या मागणीच्या वहीत सगळ्यांत वर ऐतिहासिक कादंबऱ्या असतात. त्यांतल्या बऱ्याच मी वाचल्या आहेत आणि काहींत माझ्यासारख्या नावाचा माणूस आला की तो सुरमा घालून, दात विचकत, बायकांवर नजर ठेवूनच येतो. त्या पुस्तकांवर मीच शिक्का मारते, मीच फाटलेली पानं डिंकाने चिकटवते, मीच ती देते. नववीतल्या एका मुलाने अशी एक कादंबरी परत देताना विचारलं, "मॅडम, तुमच्यात सगळे असेच असतात का?" त्याच्या आवाजात विखार अजिबात नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायला त्याच्या ओळखीची मुसलमान मी एकटीच होते.

मी त्याला गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' दिली. पातळ पुस्तिका, एका बैठकीत होते. महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरखान बेग, आरमारातला दौलतखान, फारसी पत्रव्यवहार बघणारा काझी हैदर, ही नावं बहुतेक मुलांना तिथे पहिल्यांदा भेटतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात सकाळी फिरून येताना पानसरे यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्यानंतर त्या पुस्तिकेच्या आम्ही पाच जादा प्रती घेतल्या, दोनच धड राहिल्यात. मुलगा आठवड्याने आला. "कशी वाटली?" म्हटलं. म्हणाला, "चांगली आहे. पण ती पहिली जास्त भारी होती."

खरं आहे. ती कादंबरी वेगवान आहे आणि पानसऱ्यांच्या पुस्तिकेत घोडे धावत नाहीत. हे मान्य करूनच मी हे काम करते. पुस्तकाला पुस्तकाने उत्तर मिळतं ते असं, कासवाच्या चालीने, कधी कधी हरत. पण ती दोन्ही पुस्तकं त्याने नेली, आणि प्रश्न माझ्या तोंडावर विचारला.

म्हणून पुस्तक आणि डीजे यांत मी फरक करते. पुस्तक वाचणारा स्वतःहून उघडतो, नको झालं की मिटतो. मिरवणूक मशिदीसमोर थांबवून, माझ्या समाजाला शिव्या घालणारं गाणं भिंती हादरतील एवढ्या आवाजात लावतात, तेव्हा मला ते मिटता येत नाही. बाजारात उभं राहून अमक्यांकडून भाजी घेऊ नका असं सांगतात, तेही मत नसतं, ती कुणाच्या तरी संध्याकाळच्या भाकरीवर घातलेली धाड असते. अशा भाषणांवर तक्रारीची वाट न बघता गुन्हे नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं. आमच्या भागात त्याचं काय होतं ते प्रत्येकाने आपापल्या गावात बघावं. आणि हीच मोजपट्टी आपल्या पोरांच्या 'सर तन से जुदा'लाही लावावी लागेल. ती घोषणा नबींच्या प्रेमाची नाही, कापायच्या मानेची आहे. ती ऐकली की मला लाज वाटते, आणि हे मी महिला इज्तिमामध्येही बोलले आहे. एक-दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

कपाटं लावण्यातही राजकारण असतं, हे वाचकांना सहसा कळत नाही. मी आले तेव्हा कुणी तरी चांगल्या मनाने 'मुस्लिम साहित्य' अशी पट्टी लावून एक कप्पा केला होता. शाहीर अमर शेख तिथे, दलवाई तिथे, फकरुद्दीन बेन्नूर तिथे, १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं त्याच्या पुस्तिका तिथे, आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम'ही तिथेच. सतराव्या शतकातला हा संत, मराठीत ओव्या लिहिणारा, आणि ठेवलेला कुठे, तर वक्फ कायद्याच्या माहितीपुस्तकाशेजारी. त्या कप्प्याला मुसलमान वाचकांशिवाय कुणी हात लावत नसे, आणि मुसलमान वाचकही कमीच. मी हळूहळू सगळ्यांना बाहेर काढलं. अमर शेख कवितेत, दलवाई कथा-कादंबरी आणि समाजकारणात, शेख महंमद संतसाहित्यात, एकनाथ-तुकारामांच्या ओळीत. एका निवृत्त गुरुजींनी हरकत घेतली, तर दुसऱ्या गुरुजींनीच त्यांना शेख महंमदांच्या समाधीला जाऊन आल्याची हकिकत सांगून गप्प केलं. मला बोलावंच लागलं नाही.

राहता राहिलं रजिस्टर. त्या फोननंतर मी देवघेवीची पद्धत बदलली. पूर्वी प्रत्येक सभासदाचं खतावणीत पान असायचं, वर्षानुवर्षं काय काय नेलं ते सगळं त्यावर. मी ब्राऊन पद्धत सुरू केली. प्रत्येक वाचकाचा एक खिसा, पुस्तकाचं कार्ड त्या खिशात जातं, पुस्तक परत आलं की कार्ड परत पुस्तकात. मागे काहीच उरत नाही. मंडळाला कारण सांगितलं, वेळ वाचतो. वेळ खरोखरच वाचतो. जुन्या खतावण्या नियमाप्रमाणे बाद केल्या, त्यांना कसर लागलीच होती.

आता संगणकीकरण आलं आहे. ज्या माणसाकडून आम्ही सॉफ्टवेअर घेणार होतो, त्याने मोठ्या कौतुकाने दाखवलं, की मॅडम, एक बटण दाबलं की कुठल्याही सभासदाने आजवर वाचलेलं सगळं समोर. मी विचारलं, पुस्तक परत आल्यावर ही नोंद पुसायची सोय आहे का? तो म्हणाला, कशाला पुसायची, उलट हाच तर फायदा. मग मी शोधाशोध केली. 'कोहा' नावाचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बऱ्याच महाविद्यालयांत वापरतात. त्यात वाचकाची जुनी नोंद न ठेवण्याची सोय आहे. पुस्तक आलं, नाव गेलं. भाचा संगणकाचं शिकतोय, तो बसवून देतो म्हणालाय. तांदळाच्या डब्यातून मोबाइल बाहेर आल्यापासून तो माझ्या बाजूने आहे.

मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा पाचवा विषय आहे. चौथा, बालविभागाच्या पत्र्याची गळती.